मनूला, वहीच्या निमित्ताने

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल "काय खाल्लंस हे सोडून दुसरं काहीतरी विचार" म्हणालीस आणि फोन ठेवलास. म्हणून लिहायला बसले. ते विचारणार नाही.

रोझेशियानं तुझा चेहरा लाल होऊन तापतो, तो कशानं हे शोधायला खाणं लिहितेस ती तुझी वही इथेच राहिली. वाचली मी, आता चिडून उपयोग नाही. टोमॅटोवर काट, वांग्यावर काट, दही, संत्रं, चॉकलेट, दालचिनी, सगळ्यांवर काट. शेवटच्या पानावर नुसता भात आणि दोडका. अगं, इतकं सगळं एकदम बंद केल्यावर चेहरा निवला तर कशामुळे निवला, कसं कळणार? एका वेळी एकच गोष्ट बंद कर, दोन-तीन आठवडे बघ, मग परत खाऊन बघ. आणि तोवर बाकीचं पोटभर जेव.

अमेरिकेतल्या नॅशनल रोझेशिया सोसायटीनं १,०६६ रुग्णांना विचारलं होतं. तिखटाचं नाव ४५ टक्क्यांनी घेतलं, उन्हाचं ८१ टक्क्यांनी आणि मनस्तापाचं ७९. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना तिखटाचा त्रास जाणवलाच नव्हता. तुझ्या वहीत उन्हाचा रकानाच नाही! भर दुपारी स्कूटीवरून ऑफिस गाठायचं आणि संध्याकाळी नाव घ्यायचं वांग्याचं. त्या दिवशी साहेबांशी वाजलं होतं का, रात्री झोप झाली होती का, तेही लिहीत जा.

चहा सोडू नकोस, निवू दे. भगुल्यातून कपात आणि कपातून थेट घशात, ही तुझी पप्पांकडून आलेली सवय. त्रास बहुतेक त्या वाफेचा असतो. कॉफीचं तर उलटंच निघालं. ८२ हजारांवर नर्सेसच्या पाहणीत कॉफी पिणाऱ्यांमध्ये हा आजार कमीच दिसला, २०१८ साली छापून आलंय. मिरचीचं मात्र खरं आहे. तिचा तिखटपणा उष्णता ओळखणाऱ्या नसांनाच चेतवतो, त्यामुळे शरीराला भाजल्यासारखंच वाटतं.

झालं, तास सुरू झाला माझा. राहू दे.

म्हाईच्या जेवणात अण्णांच्या मांडीवर बसून तांबडा रस्सा वाटीनं प्यायचीस. नाक गळतंय, कान लालबुंद, आणि वाटी पुढे करून "अजून". आत्या म्हणायची, पोरीला दृष्ट काढा. तेव्हा कुणाला वाटलं होतं की हीच पोर एक दिवस दोडक्यावर येईल? पण परवा तशाच तापलेल्या चेहऱ्यानं सगळ्यांसमोर प्रेझेंटेशन देऊन आलीस. मी असते तर रजा टाकून घरी बसले असते. पप्पांनी शेजारी दोनदा सांगितलं.

एक मात्र ऐक. जिमवाल्यानं दिलेल्या त्या व्यायामाआधीच्या पावडरीच्या डब्यावर काय लिहिलंय ते वाच. अशा पावडरींत बऱ्याचदा नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व असतं. त्याचा निकोटिनिक ॲसिड हा प्रकार रोझेशिया नसलेल्या माणसाचंही तोंड तासाभरात लाल करतं. निकोटिनामाइड हा दुसरा प्रकार असेल तर तसं होत नाही. बी-६, बी-१२ च्या मोठ्या डोसांनीही काहींच्या चेहऱ्यावर पुरळ उठतं. तुझ्या वहीत भाजी मंडई सगळी आहे, पण हा डबा कुठेच नाही. तो पिशवीत घालून डॉक्टरांकडे ने. काही त्यांच्याच सल्ल्यानं चालू असेल तर परस्पर बंद करू नकोस. आणि मेडिकलमधून विचारून आणलेली ती ट्यूब, स्टिरॉइडची असेल तर चेहऱ्याला नको. लावेपर्यंत बरं वाटतं, सोडली की दुप्पट उसळतं. लावत असशील तर आधी डॉक्टरांना सांग.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं म्हणालीस, ते सांगितलंस का त्यांना? रोझेशिया डोळ्यांतही उतरतो. याला उशीर नको.

मनगटं किती बारीक झालीत तुझी. बांगडी भरताना मला कळलं. बोलले नाही.

पिंट्याचा रिझल्ट पुढच्या आठवड्यात आहे. काकूंचं गुडघ्याचं तसंच चाललंय.

तुझी,
आई

ता.क. पप्पा शनिवारी येतायत. बिनमिरचीची शेंगदाण्याची चटणी दिली तर चालेल का? आणि ज्वारीच्या भाकरीवर काट नाही ना, तेवढं कळव, म्हणजे पीठ देते.