टर्की आणि आपला बंब

प्रिय आई-बाबा,

गुरुवारी व्हिडिओ कॉलवर धड बोलणंच झालं नाही, पोरांनी फोन पळवला, तुम्हाला नुसता धूर दिसला आणि आईचं "अगं मरणाच्या थंडीत बाहेर काय करतेस, आत जा" सुरू झालं, म्हणून आता सगळं बैजवार लिहिते. दादाला वाचून दाखवायला सांगा, चष्मा शोधत बसू नका.

तर थँक्सगिव्हिंग, इथला अमेरिकेतला मोठा सण. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि घरोघरी टर्की, कोंबडीसारखाच पण खूप मोठा पक्षी. गेल्या वर्षी मी ओव्हनमध्ये केलेली, ती इतकी कोरडी झाली की तुमचा जावई घासागणिक पाणी पीत होता आणि वर "मस्त झालीय" म्हणत होता. यंदा म्हटलं कोळशावरच करू, धुरात, आमच्या केटल ग्रिलवर. बाबा, ते ग्रिल म्हणजे तीन पायांवर ठेवलेली मोठी कढई आणि तिच्यावर दुसरी पालथी घातलेली, बस. आणि हे इथलंच बरं का, शिकागोचं. १९५२ साली वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन म्हणून एक जण कामाला होता, तिथे पाण्यावर तरंगणारे बोये बनायचे, त्याने त्या बोयाचा गोळाच अर्धा कापला, खाली कोळसा आणि वरच्या अर्ध्याचं झाकण. म्हणजे डोकं एकदम आपल्या कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या वर्कशॉपवाल्यांसारखं!

पक्षी १२ पौंडांचा, साडेपाच किलो. दगडासारखा गोठलेला येतो, फ्रिजमध्येच तीन दिवस ठेवून सोडवावा लागतो, आई तुझ्यासारखं ओट्यावर रात्रभर ठेवून चालत नाही, बाहेरून सैल पडतो, नासायला लागतो आणि आत बर्फ तसाच. मीठ लावणार तेवढ्यात पाकिटावर वाचलं की मिठाचं पाणी आधीच टोचलेलं आहे. वाचले! नाहीतर खारवलेल्या बांगड्यासारखी झाली असती. मग नुसतं लोणी, मिरी, आणि कातडीखाली हात घालून तू पाठवलेला कांदा-लसूण मसाला थोडासा, वरून नाही लावला, वर जळून कडू होतो.

आता मुख्य गोष्ट, जाळ. कोळसे दोन्ही कडांना, मधे पाण्याचा ट्रे, त्याच्या वर जाळीवर टर्की, म्हणजे खालून थेट आच नाहीच, गरम हवा झाकणाखाली फिरत राहते. कोळशावर सफरचंदाच्या लाकडाचे दोन ठोकळे. सुरुवातीला भसाभसा पांढरा धूर आला, जावई म्हणाला झालं चालू, ठेव टर्की. मी म्हटलं थांब. बाबा, तुम्ही अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवताना म्हणायचात ना, पांढरा धूर म्हणजे जाळ अजून कच्चा आहे. वीस मिनिटांनी धूर विरळ झाला, निळसर, दिसतोय न दिसतोय असा, तेव्हा ठेवली. पांढऱ्या धुरात ठेवली असती तर मांस कडवट लागतं.

सव्वातीनशे फॅरेनहाइट धरायचं होतं, म्हणजे आपलं १६० सेल्सिअसच्या आसपास. त्याहून फार मंद ठेवलं तर कातडी रबरासारखी होते. पण बाहेर दोन डिग्री आणि वर वारं, काटा घसरत घसरत अडीचशेवर आला आणि मी येड्यासारखी दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघतेय. प्रत्येक वेळी उघडलं की गरम हवा भुस्सकन बाहेर. जावई म्हणतो गॅरेजमध्ये घेऊ, वारं लागणार नाही. त्याला म्हटलं खुळा का काय, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या लहानपणापासून ऐकलेल्या आहेत मी. मग एकदम डोक्यात आला आपला परसातला बंब. वरचं तोंड तुम्ही कधी झाकू द्यायचा नाहीत, जाळ कमी-जास्त करायचा तो खालच्या तोंडाशी, तो फुटका कौलाचा तुकडा सरकवून. आठ वर्षांची मी तिथे उकिडवी बसून चिपाडं सारत असायचे आणि तुम्ही म्हणायचात, हवा खालून दे, वरून बघू नको. इथेही अगदी तेच! वरची झडप पूर्ण उघडी, खालची सगळी उघडली, आणखी थोडे पेटते कोळसे टाकले, वाऱ्याच्या बाजूला जुनं टेबल आडवं लावलं. अर्ध्या तासात काटा जागेवर. नंतर तासभर झाकणाला हात लावला नाही.

अडीच-तीन तासांचं काम चार तास चाललं. छातीच्या आणि मांडीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून १६५ आले, म्हणजे ७४ सेल्सिअस, तेव्हाच उतरवली. रंग काय सांगू, जुन्या सागवानी दारासारखा.

आणि मग कापायला घेतली तर मानेच्या बाजूने आतून कागदाची पिशवी निघाली!! पोटातून मान काढली होती मी, पण पोटा-काळीज दुसऱ्या बाजूला ठेवतात हे कुणाला माहीत. पिशवी कागदाची होती म्हणून निभावलं. आई हस तू, हस. शेजारच्या आजी जेवायला होत्या, त्यांना मांस कडेने गुलाबी दिसलं तर त्या कच्चं कच्चं करायला लागल्या, त्यांना समजावलं की धुरातल्या वायूने तसा रंग धरतो, थर्मामीटर दाखवला, मग त्यांनी दोनदा घेतलं. तुमच्या नातवाने तंगडी सोडून काही खाल्लं नाही.

आता दोन कामं. आई, सांगाडा फ्रीजरमध्ये ठेवलाय, रविवारी उकळून आळणी सूप काढणार आहे आणि त्याचा पांढरा रस्सा करणार आहे. धुराचा वास येईलच, येऊ दे. खसखस किती आणि काजू किती ते व्हॉइस मेसेजवर सांग, "अंदाजाने" असं म्हणू नकोस.

आणि बाबा, तुम्ही कॉल ठेवता ठेवता म्हणालात की आता सोलर बसलाय तर बंब भंगारवाल्याला देऊन टाकू, तांब्याला भाव चांगला आहे. देऊ नका. काय भाव येतोय तो मला सांगा, मी पाठवते. तो कौलाचा तुकडाही असेल तिथेच कुठेतरी, तोही ठेवा.

तुमची,
धाकटी