अंग आपले, माप दुसऱ्याचे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुझी 14 वर्षांची मुलगी घरच्या कोणत्याही फोटोत यायला तयार नसते, आलीच तर मागच्या रांगेत कोणाच्या तरी आडोशाला उभी राहते आणि नंतर तो फोटो पुसून टाकायला लावते, हे वाचून काळजी वाटली. "तू छानच दिसतेस असे रोज सांगतो, तरी तिला पटत नाही, आणखी काय सांगू?" असे तू विचारले आहेस. माझे मत स्पष्टच लिहितो. ते सांगणे थांबवू नकोस, पण त्यावर विसंबूनही राहू नकोस. तुझ्या त्या वाक्याने तिला गुण मिळतात, परीक्षा मात्र रद्द होत नाही, आणि तिला छळते आहे ती परीक्षाच.

ज्या गोष्टींना निश्चित मोजपट्टी नसते, त्यांत माणूस इतरांकडे पाहून स्वतःची जागा ठरवतो, असे लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडले. दिसण्याला तर कसलीच मोजपट्टी नाही. तुलना आपणही केली. पण ज्यांच्याशी केली ती वर्गातली, शेजारपाजारची, मुरुमांनी तोंड भरलेली, आपल्यासारखीच पोरे होती. तुझ्या मुलीसमोर येणारे चेहरे जगभरातून वेचलेले असतात आणि वेचल्यावर पुन्हा घडवलेले असतात.

ते कसे घडवतात हे मला चांगले ठाऊक आहे, कारण जाहिरातींच्या फोटोंवर संगणकावर हात फिरवण्याचे काम मी बरीच वर्षे केले. आधी त्वचा घ्यायची: पुटकुळ्या, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, मानेवरच्या आडव्या रेषा, कोपराचा काळेपणा, सगळे एकेक करून पुसायचे. एवढे झाले की गाल मेणचट, निर्जीव दिसू लागतो. म्हणून त्यावर खोटी रंध्रे आणि बारीक कण पुन्हा पसरायचे, म्हणजे पाहणाऱ्याला ती त्वचा खरी वाटते. मग कंबर आत ढकलायची आणि ढकलताना मागच्या दाराची चौकट वाकडी तर झाली नाही ना, हे तपासायचे. (कोरी पार्श्वभूमी आम्हाला इतकी प्रिय का होती, ते आता तुझ्या लक्षात येईल.) ज्या मॉडेलचा तो फोटो असे, तीसुद्धा प्रत्यक्षात तशी दिसत नसे. एकेका फोटोला तेव्हा तासन्‌तास लागत. आज हातातल्या फोनवरचा फिल्टर तेच काम क्षणात करतो, आणि तेही पाहणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या चेहऱ्यावर. नटीशी तुलना करून हरले तर निदान "ती नटी आहे" असे म्हणता येते. स्वतःच्याच दुरुस्त केलेल्या चेहऱ्यासमोर हरल्यावर म्हणायला काहीच उरत नाही. या साऱ्या प्रकारात मला हाच भाग सर्वांत क्रूर वाटतो.

सौंदर्याचे हे माप बाहेरून येते की मुळात माणसाच्या नजरेतच असते, असा वाद तू घालशील, म्हणून फिजी बेटांवरचे एक उदाहरण देतो. तिथे भरलेले अंग चांगले मानले जाई. कोणी बारीक होऊ लागले, तर आपली माणसे त्याची नीट काळजी घेत नाहीत की काय, अशी चिंता व्यक्त होई. 1995 मध्ये तिथल्या नाद्रोगा भागात दूरचित्रवाणी आली. ती येऊन काहीच आठवडे झाले असताना आणि पुन्हा 1998 मध्ये, अ‍ॅन बेकर या अमेरिकी संशोधिकेने शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी पहिल्या खेपेला आढळली नव्हती. दुसऱ्या खेपेला असे करणाऱ्या मुलींचे प्रमाण 11.3 टक्के होते, आणि 74 टक्के मुलींना आपण फार जाड आहोत असे कधी ना कधी वाटत होते. दोन्ही खेपांना मुली साठ-पासष्टच होत्या, तेव्हा हे आकडे फार ताणू नयेत, हे मान्य. पण त्या मुली जे बोलल्या ते मला आकड्यांपेक्षा अधिक बोलके वाटते. पडद्यावरच्या बायकांना चांगली नोकरी, पैसा, मान आहे आणि त्या सडपातळ आहेत, तेव्हा आपणही बारीक झालो तर आपले भले होईल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे त्यांना नुसते सुंदर दिसायचे नव्हते. बदलत्या जगात त्यांना स्वतःसाठी जागा हवी होती, आणि त्या जागेचे दार अरुंद आहे असे त्यांना दाखवले गेले होते. तुझ्या मुलीच्या रडण्याला कोणी उथळपणा म्हणू लागले, तर एवढे ध्यानात ठेव.

यात धंदाही आहेच. आधी उणीव दाखवायची, मग तिच्यावरचा उपाय विकायचा, ही रीत जुनी आहे. जिलेट कंपनीने 1915 मध्ये खास स्त्रियांसाठी वस्तरा बाजारात आणला आणि काखेतले केस, ज्यांची तोवर फारशी कोणी दखलही घेत नव्हते, जाहिरातींनी लाजिरवाणे ठरवले. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. जी. आय. जो या अमेरिकी खेळण्यातल्या सैनिकाचा दंड खऱ्या माणसाच्या उंचीच्या प्रमाणात मोजला, तर 1964 मध्ये तो सुमारे 12 इंच भरत होता; 1990 च्या दशकाअखेरच्या एका आवृत्तीत तो 26 इंचांच्या पुढे गेला. तुझा मुलगा व्यायाम करून आला की टी-शर्टची बाही वर सारून आरशापुढे उभा राहतो, असे तू कौतुकाने लिहिले आहेस. त्याच्याकडेही जरा लक्ष असू दे.

अ‍ॅपवाल्यांना हे ठाऊक नाही असे नाही. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे 2021 मध्ये बाहेर आली. शरीराविषयी आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते, असे 32 टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची नोंद त्यांत होती. फ्रान्स आणि नॉर्वे यांनी जाहिरातींतल्या बदललेल्या फोटोंवर तसे लिहिण्याची सक्ती केली आहे. कायदा चांगला आहे, पण चिठ्ठी वाचूनही डोळे तर तेच चित्र पाहतात, म्हणून मला त्याचा फारसा भरवसा वाटत नाही.

आणि सगळे खापर पडद्यावर फोडून आपण मोकळे होऊ शकत नाही. पडदा माप दाखवतो, पण ते रोज अंगाला लावून पाहतात ती घरची माणसे. खूप दिवसांनी भेटलेला पाहुणा "कशी आहेस?" विचारण्याआधी "बारीक झालीस" किंवा "सुटलीस की" म्हणतो आणि आपण हसतो. बारीक होणे आजारपणामुळे, जागरणांमुळे, दुःखामुळेही असू शकते. तरी त्याचे अभिनंदनच होते. तुझ्या घरापुरता हा विषय बंद करणे तुझ्या हातात आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना हसत, पण ठामपणे सांग की आमच्याकडे अंगावरून बोलत नाहीत. स्वतःच्या पोटावरचे विनोदही आवर. मुले तेही ऐकत असतात.

तिला उपदेश करण्याऐवजी एक प्रयोग दोघे मिळून करा. हात लांब करून जवळून काढलेल्या सेल्फीत नाक खऱ्यापेक्षा मोठे दिसते. फूटभरावरून काढलेल्या फोटोत ते पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद भासते, असे 2018 मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी गणिताने दाखवले आहे. तेव्हा एक फोटो जवळून काढा, एक पाच फुटांवरून, आणि फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करणारी सोय असेल तर ती आधी बंद करा. दोन्ही फोटो शेजारी ठेवून तिलाच पाहू दे. तू मध्ये काही बोलू नकोस.

मात्र ती जेवण टाळू लागली, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाऊ लागली किंवा तिची पाळी चुकू लागली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे ने. तिथे बापाचे समजावणे पुरत नाही. बाकी काय घडते ते सविस्तर लिही. मुलांना माझे आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र