पोट भरते, पण अंग धरत नाही

संपादक महोदय,

लहान मुलांच्या कुपोषणाची चर्चा निघाली की घरात खायलाच नसेल, असे धरून चालतात. पण अनेक घरांत अन्न असते, मूल दिवसातून चार वेळा खातेही, तरी वजन हलत नाही. अशा वेळी वाटीत पाणी किती आणि अन्न किती, हे आधी पाहावे.

वर्ष-सव्वा वर्षाच्या मुलाचे पोट वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिलिलिटर. म्हणजे आठ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी २४० मिलिलिटर मावते. तेवढ्या पेजेत १५ ग्रॅम पीठ असेल तर जेमतेम ५५ कॅलरी मिळतात. चार वेळा भरवली तरी २२०. एक ते दोन वर्षांच्या वयात आईच्या दुधाखेरीज रोज सुमारे ५५० लागतात. तीच वाटी ४० ग्रॅम पिठाची घट्ट शिजवून वर ५ मिलिलिटर तेल घातले की १८५ च्या आसपास जाते आणि तीन वेळांत गरज भागते. चमचा तिरका करताच ओघळते ती पेज पातळच समजावी.

घट्ट खाणे मुलाला गिळवत नाही, ही आयांची अडचण खरी आहे. तिच्यावर पाणी वाढवणे हा उपाय नव्हे. मोड आणून वाळवलेल्या धान्याचे पीठ चमचाभर घ्यावे, शिजलेले खाणे कोमट झाल्यावर त्यात ढवळावे, पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा एक उकळी द्यावी. मोडातले विकर (एन्झाइम) पिष्ट (स्टार्च) फोडते, म्हणून कॅलरी न घटता खाणे सैल होते. उकळत्यात टाकले तर विकर निकामी होते आणि काहीच फरक पडत नाही.

नुसत्या पिठानेही भागत नाही. सहा महिन्यांनंतर जन्मतः मिळालेला लोहाचा साठा संपत येतो, त्यामुळे डाळी, अंडी, मांस, हिरव्या भाज्या यांतले काहीतरी रोज हवे. चहा नकोच; तो लोह शोषू देत नाही. जुलाबात खाणे तोडणे तर फार घातक. क्षारसंजीवनीबरोबर (ओआरएस) थोडे थोडे भरवत राहावे आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज नेहमीपेक्षा एक जेवण जास्त द्यावे.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर, हात सैल सोडून खांदा व कोपराच्या मधोमध मोजावा. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खळगा राहिला, म्हणजे सूज असली, तर दंड कितीही भरो, मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सुजेतल्या पाण्याने वजन फसवे दिसते.

– बालआहाराचे काम करणारे वाचक