लसीकरणाची सिरिंज खासगी दवाखान्यातही सक्तीची करा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

उपकेंद्रात आम्ही बाळांना लस द्यायचो त्या सिरिंजचा दट्ट्या एकदा शेवटपर्यंत दाबला की अडकतो. मग कितीही ओढा, मागे येत नाही, म्हणजे ती सिरिंज पुन्हा वापरताच येत नाही. वर हब कटरने, म्हणजे सुई कापायच्या छोट्या यंत्राने, सुई तोडायची, हा नियम वेगळाच. तेच बाळ तापाने फणफणलं की आई त्याला गावातल्या खासगी दवाखान्यात नेते. तिथे साधी सिरिंज असते. औषधाच्या मोठ्या बाटलीच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचलेली आणि येईल त्या पेशंटसाठी तिच्यातूनच औषध ओढणं चाललेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एखादी वापरलेली सिरिंज त्या सुईला लागली, तर अख्खी बाटली दूषित होते. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेरही सात दिवस तग धरतो. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजमधून हाच आजार पसरला आणि ८०हून अधिक माणसं दगावली.

साहेब, यातली बहुतेक इंजेक्शनं मुळात लागतच नाहीत. साधा सर्दी-ताप गोळीने उतरतो. "डॉक्टर, एक सुई मारा, उद्या कामावर जायचंय," असं रोजंदारीवरची बाई म्हणते. तिचा रोज बुडतो, तिला मी दोष देणार नाही. पण गोळीने भागतं हे डॉक्टरांना माहीत असतं. नुसत्या सल्ल्याचे पैसे द्यायला लोक कुरकुरतात, म्हणून सुई टोचली जाते.

माझी धाकटी जाऊ अशीच अंगदुखीसाठी गेली होती. कमरेवरचं इंजेक्शन चुकीच्या जागी बसलं, शीर दुखावली. आज तिच्या उजव्या पायाचा पंजा उचलत नाही, चालताना चप्पल मागे राहते. कागदावर इंजेक्शनचं नावसुद्धा नव्हतं. तक्रार कशाच्या आधारावर करायची?

आपल्या राज्यातला १९४९ चा नर्सिंग होम कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी आहे. एका खोलीतला दवाखाना त्यात येत नाही. त्याचीही नोंदणी आणि तपासणी व्हावी. दट्ट्या अडकणारी सिरिंज तिथेही सक्तीची करावी आणि ती परवडेल अशा दरात मिळावी. दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनचं नाव, मात्रा आणि कारण पेशंटच्या कागदावर लिहिलंच पाहिजे. हा शेवटचा आदेश तर आपण याच महिन्यात काढू शकता.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका