करमुक्त रोखे : कूपन नव्हे, हिशेब पाहा

महोदय,

कापसा-केळीचे पैसे हाती आले, किंवा भुसावळच्या रेल्वेतून निवृत्तीची रक्कम मिळाली, की ‘महापालिकेचे रोखे घ्या, करमुक्त आहेत’ असे सांगणारे भेटतात. हे खरे आहे, पण अमेरिकेत. तिथल्या नगरपालिकांच्या बहुतेक रोख्यांच्या व्याजावर केंद्रीय आयकर नाही. युनिट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट असे ठरावीक रोखे एकदा घेऊन मुदतीपर्यंत बाळगतो आणि ती सूट युनिटधारकापर्यंत पोहोचते.

आपल्याकडे पुणे महापालिकेचे 2017 चे 7.59 टक्क्यांचे रोखे घ्या किंवा इंदूरचे 2023 मधले 8.25 टक्क्यांचे, दोन्हींचे व्याज करपात्र. करमुक्त म्हणजे एनएचएआय, आरईसी, आयआरएफसी, हुडको वगैरे सरकारी संस्थांनी 2015-16 पर्यंत काढलेले रोखे. ते आता डीमॅट खात्यातून बाजारातच घ्यावे लागतात. म्युच्युअल फंडाने घेतले तर ती सूट तुमच्यापर्यंत येत नाही.

फसगत होते ती कूपन, म्हणजे रोख्यावर लिहिलेला व्याजदर, पाहून. समजा 1,000 रुपयांचा, 7.6 टक्क्यांचा, पाच वर्षे उरलेला रोखा 1,090 ला मिळाला. पाच वर्षांत व्याज 380 रुपये, पण शेवटी हातात 1,000 च येणार, म्हणजे 90 गेले. खरा परतावा साडेपाच टक्के. 30 टक्के कर भरणाऱ्याला तो आठ टक्क्यांच्या करपात्र ठेवीइतका पडतो. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर भरावाच लागत नाही, अशा पेन्शनराने तो कशाला घ्यावा? त्याला ज्येष्ठ नागरिक बचत योजना बरी. तिथे 30 लाखांपर्यंत ठेवता येतात.

पडद्यावरच्या भावात साठलेले व्याजही धरलेले असते. म्हणून व्याजाची तारीख जवळ आली की भाव फुगलेला दिसतो आणि रेकॉर्ड डेटच्या, म्हणजे व्याज कोणाला द्यायचे ते ठरवण्याच्या तारखेच्या, सुमारास तेवढाच उतरतो. त्याला तेजी-मंदी समजू नये. या रोख्यांच्या सुरुवातीच्या काही मालिकांत छोट्या गुंतवणूकदाराला दिलेला जादा दर रोखा विकताच कमी होतो. घेण्याआधी त्या मालिकेचे माहितीपत्रक काढून बघावे. काही मालिकांत दिवसभरात मोजकेच रोखे हलतात. तिथे मार्केट ऑर्डर टाकली तर समोरचा जो भाव लावेल तो गळ्यात पडतो. आपला भाव लिहून लिमिट ऑर्डरच टाकावी, मग दोन-चार दिवस थांबावे लागले तरी चालेल.

आपला,
एक करसल्लागार, जळगाव