आमदारांना पेव्हर ब्लॉकवर जोखू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अधिवेशन आटोपले की आमदारांचे कार्यअहवाल घरोघर येऊन पडतात. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हात जोडलेला फोटो आणि आत पानोपान भूमिपूजने: पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, खुली व्यायामशाळा, समाजमंदिराचे पत्रे. सभागृहात काय विचारले, त्याला शेवटच्या पानावर चार ओळी. यात दोष एकट्या आमदारांचा नाही. मतदार भेटतात तेव्हा विचारतात ते ब्लॉकचेच.

आधी आकडे पाहू. आमदार स्थानिक विकास निधी २०२२च्या अर्थसंकल्पात ४ कोटींवरून वर्षाला ५ कोटी झाला. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि मतदारसंघ २८८. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३७ हजार मतदार. भागाकार केला तर मतदारामागे वर्षाला दीडशे रुपयेही येत नाहीत. विधानसभा आणि परिषद मिळून ३६६ जागा धरल्या, तर हा निधी होतो १,८३० कोटी. राज्याचा २०२५-२६चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा होता. त्यात हा वाटा पाव टक्क्याच्या आसपास. उरलेल्या सुमारे ९९.७५ टक्क्यांवरही याच आमदारांनी बोलायचे असते आणि विधानसभेत त्यातल्या मागण्यांवर कपात सूचना (मागितलेली रक्कम कमी करण्याची सूचना) द्यायची, मत द्यायचे असते. तिथे ते काय करतात, हे आपण विचारतच नाही.

पण निधीही नीट खर्च व्हायला हवाच, आणि तो कुठे अडतो हे ठाऊक असलेले बरे. हे पैसे आमदारांच्या हाती येत नाहीत. ते फक्त काम सुचवतात. पत्र जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे जाते. तिथून ते कार्यान्वयन यंत्रणेकडे जाते. ती सार्वजनिक बांधकाम विभाग, महापालिका, नगरपरिषद किंवा जिल्हा परिषद असू शकते. यंत्रणा अंदाजपत्रक करते, त्याला तांत्रिक मान्यता मिळते, मग जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. बहुतेक कामे दोन ठिकाणी मरतात. पहिली जागा जमिनीची. चाळीतला बोळ सगळ्यांच्या पायाखालचा असला तरी मिळकत पत्रिकेवर तो खासगी मालकाचा निघतो. कधी रेल्वेची, कधी वन विभागाची हद्द आडवी येते. सात-बारा किंवा मिळकत पत्रिका आधीच जोडली नसेल तर प्रस्ताव सहा महिने फिरून ‘जागेच्या मालकीबाबत स्पष्टता करावी’ असा शेरा घेऊन परत येतो. दुसरी जागा मार्चअखेर. वर्षभर निवांत चाललेली कामे फेब्रुवारीत एकदम धावू लागतात आणि त्या घाईत जे होते ते पावसाळ्यात दिसते.

काय दिसते, ते पेव्हर ब्लॉकवरच पाहा. नुसत्या पायवाटेला जाड ब्लॉक लागत नाही. दुचाकी-रिक्षांच्या गल्लीला ६० मिलिमीटर चालतो. टेम्पो, पाण्याचा टँकर, कचऱ्याची गाडी रोज जाणार असेल तर ८० मिलिमीटर हवा. अंदाजपत्रकात ८० आणि जागेवर ६० हा नेहमीचा खेळ. कडेचा एक सुटा ब्लॉक उचलून पट्टी लावली की तो उघडा पडतो. पण ब्लॉकपेक्षा महत्त्वाचे त्याच्याखाली असते. खाली खडीचा थर रोलरने दाबलेला हवा, त्यावर २० ते ४० मिलिमीटर वाळू, आणि दोन्ही कडांना काँक्रीटमध्ये पक्के बसवलेले कर्बस्टोन. प्रत्यक्षात खडी न दाबता खड्डे वाळूनेच बुजवतात. जिथे वाळू जाड तिथे पहिल्या पावसात ब्लॉक बसतात. कड धरलेली नसली की ओळी बाजूला सरकतात, फटी रुंदावतात आणि वाळू गटारात वाहून जाते. उतार गटाराकडे आहे की घरांकडे, हे तर बादलीभर पाणी ओतले की दोन मिनिटांत कळते. बिल निघण्याआधी ओतावे.

त्याहून वाईट म्हणजे जुना थर न उकरता त्यावरच नवा चढवणे. उकरण्याचा खर्च अंदाजपत्रकात असतो, उकरलेले मात्र कुठे दिसत नाही. दर निवडणुकीगणिक गल्ली वर आणि उंबरठा खाली. मग पाणी घरात येते, आणि पाणी घरात येते म्हणून पुन्हा निधीची मागणी होते! काम सुरू होण्याआधी शेजारच्या ओट्यावर खडूने पातळीची रेघ मारून तारखेसह फोटो काढून ठेवला, तर हा वाद तोंडी राहत नाही. जलवाहिनी, मलवाहिनी, वीजकेबल यांचे काही काम बाकी आहे का, हेही महापालिकेकडून लेखी घ्यावे. नाहीतर उद्घाटनाचा फलक वाळायच्या आत खोदाई सुरू होते.

हायमास्टचे दुखणे वेगळे. खांब आमदार निधीतून उभा राहतो, पण वीजबिल कोण भरणार आणि दिवा गेला तर शिडीची गाडी कोण आणणार, याचे उत्तर त्या निधीत नसते. देखभालीची जबाबदारी घेत असल्याचे स्थानिक संस्थेचे पत्र फाईलला नसेल, तर वर्षभरात तो खांब फक्त बॅनर बांधण्याच्या कामाचा उरतो. व्यायामशाळेच्या साहित्याचेही तेच.

ग्रामीण मतदारसंघात आमदार निधीपेक्षा ‘पंचवीस पंधरा’ची चर्चा जास्त. २५१५ हे ग्रामविकास विभागाचे लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या खात्याखाली नोंदतात त्याचा क्रमांक. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत सुविधांची कामे त्यातून होतात. तिथली युक्ती म्हणजे तुकडे पाडणे. एकच रस्ता ‘अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत’ अशा चार कामांत वाटला की प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेखाली बसतो. छोटी कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुली निविदा यांत ठरलेल्या प्रमाणात वाटायची असतात. उद्देश चांगला आहे. पण कागदावर मजूर संस्था आणि जागेवर भलताच ठेकेदार, हे गावात सगळ्यांना माहीत असते, विचारत मात्र कोणी नाही. विचारायला माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो: १० रुपये शुल्क, १५० शब्दांची मर्यादा, एका अर्जात एकच विषय. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नये. प्रशासकीय मान्यतेचा आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पाने आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख, एवढेच मागावे. शेवटची तारीख सगळ्यांत मोलाची, कारण तोवरची दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते.

आता मुळात आमदारांकडे काय न्यावे हा प्रश्न. तुंबलेले गटार, बंद पथदिवा, न उचललेला कचरा ही प्रभाग कार्यालयाची कामे. ७४व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांकडे सोपवायचे १८ विषय बाराव्या अनुसूचीत घातले. त्यात रस्ते, पाणीपुरवठा, स्वच्छता सगळे आहे. पण मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत २०२२मध्ये संपली आणि पुढची काही वर्षे तिथे प्रशासक होते. नगरसेवकच नव्हते, तेव्हा लोक गटाराच्या झाकणाच्या तक्रारी घेऊन आमदारांकडे गेले. ती सवय अंगवळणी पडली. आमदारांच्या एका फोनने झाकण बसतेही, पण कनिष्ठ अभियंत्याच्या यादीतले दुसऱ्या कोणाचे तरी झाकण मागे पडते.

आमदारांशिवाय जे हलत नाही ते वेगळेच आहे. उपजिल्हा रुग्णालयातली रिक्त पदे, पोलीस ठाण्याचे मंजूर मनुष्यबळ, एसटी आगाराच्या गाड्या. आणि शहरात सर्वांत जास्त दुर्लक्षित विषय म्हणजे विकास आराखड्यातली आरक्षणे, म्हणजे मैदान, शाळा यांसाठी राखून ठेवलेल्या जागा. मैदानाची जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना (‘जागा ताब्यात घ्या’ अशी नोटीस) देऊ शकतो. ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत, की आरक्षण गळून पडते. तिथे इमारत उठल्यावर मोर्चा काढून काही होत नाही. कलम ३७ खाली आराखड्यात करायच्या फेरबदलाला तर अंतिम मंजुरी राज्य शासनाचीच लागते. आपल्या हद्दीत किती खरेदी सूचना आल्या, कितींची मुदत चालू आहे, हा प्रश्न आमदारांनी नगरविकास विभागाला विचारला, तर एक मैदान वाचू शकते. त्याची किंमत त्यांच्या पाच वर्षांच्या निधीपेक्षा जास्त भरेल.

प्रश्न कसा विचारला जातो, तेही पाहण्यासारखे आहे. तारांकित प्रश्नाचा (ज्याचे उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचे असते) साचा ठरलेला: ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, चौकशी केली आहे काय’, ‘त्यानुसार कोणती कार्यवाही केली’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. पहिल्या भागात एक तारीख किंवा एक सर्व्हे नंबर चुकला, तर विभाग ‘हे खरे नाही’ असे उत्तर देऊन मोकळा होतो आणि पुढच्या तिन्ही भागांपुढे छापून येते, ‘प्रश्न उद्भवत नाही’. असा प्रश्न वाया गेला की आमदारांना दोष देतात. पण बहुतेक वेळा चुकीची माहिती मतदारसंघातूनच गेलेली असते. त्यामुळे आमदारांना दहा पानी निवेदन देण्यापेक्षा एक पान द्यावे. त्यावर जागेचा सिटी सर्व्हे नंबर, कोणत्या कार्यालयाकडे कोणत्या तारखेला अर्ज केला त्याचा आवक क्रमांक, आलेले उत्तर, आणि ज्याच्या सहीने काम होणार त्या अधिकाऱ्याचे पदनाम. सह्यांची भेंडोळी जोडली तरी हरकत नाही, स्वीय सहायक ती वाचत नाहीत.

तारांकित प्रश्नातून निभावले नाही तर लक्षवेधी सूचना आहे, अर्धा तास चर्चा आहे. मंत्री सभागृहात ‘महिनाभरात चौकशी करू’ म्हणाले, की ते आश्वासन होते, आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. मंत्री काय बोलले, कोणत्या तारखेला, हे टिपून ठेवणे मतदारालाही जमते. प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाज विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असते. आपल्या आमदारांचे नाव तिथे शोधायला अर्धा तास पुरतो, आणि कार्यअहवालापेक्षा तो शोध बोलका असतो. (मंत्री आणि अध्यक्ष असे प्रश्न विचारत नाहीत, तेव्हा त्यांच्या नावापुढे शून्य दिसले तर त्याचा वेगळा अर्थ काढू नये.)

आपल्या वृत्तपत्राने अधिवेशनानंतर जिल्ह्यातल्या आमदारांचे प्रश्न विषयवार छापावेत, अशी विनंती आहे. भूमिपूजनाच्या छायाचित्रांना जेवढी जागा मिळते, त्याच्या निम्म्यात हे मावेल.

वाचकांसाठी शेवटचे. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला भरते आणि प्रश्नांच्या सूचना त्याच्या काही आठवडे आधी द्याव्या लागतात. म्हणजे कागद दिवाळीच्या आगेमागे आमदारांच्या कार्यालयात पोचायला हवेत. अधिवेशन सुरू झाल्यावर नेलेल्या कागदाचा तारांकित प्रश्न होत नाही, फार तर लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा (आयत्या वेळी सभागृहाच्या नजरेला आणायची बाब) होतो.

आपले,
नागरी प्रश्नांचा पाठपुरावा करणारे काही वाचक