चित्रपट संपल्यावरही आपण थांबलात

आदरणीय ग्रंथपाल महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुटीत आपण वाचनालयात पडदा लावून गावातल्या मुलांना १९९३ सालचा ‘फ्री विली’ हा चित्रपट दाखवलात आणि त्यातले इंग्रजी संवाद मराठीत समजावून सांगितलेत, त्याबद्दल एक आई म्हणून मी आपली ऋणी आहे. आईने सोडून दिलेला जेसी हा मुलगा आणि टाकीत कोंडलेला, चिडका म्हणून बदनाम झालेला विली हा ओर्का (देवमाशासारखा मोठा, काळा-पांढरा समुद्री प्राणी) यांची मैत्री माझ्या मुलीने जागचे न हलता पाहिली.

परंतु माझे खरे आभार त्यानंतर आपण जे सांगितलेत त्यासाठी आहेत. विलीची भूमिका करणाऱ्या केइको या खऱ्या ओर्काला १९७९ मध्ये आइसलँडजवळ लहानपणीच पकडले होते आणि चित्रीकरणाच्या काळात तो मेक्सिको सिटीतल्या एका टाकीत, खंगलेल्या अवस्थेत दिवस काढत होता. चित्रपट पाहून कळवळलेल्या मुलांनी त्याच्या सुटकेसाठी पत्रे लिहिली, पैसे पाठवले, आणि १९९८ मध्ये तो आइसलँडच्या समुद्रात परतला. २००२ मध्ये तो नॉर्वेपर्यंत पोहत गेला खरा, पण समुद्रातल्या मुक्त ओर्कांमध्ये कायमचा मिसळू शकला नाही, माणसांचीच सोबत शोधत राहिला आणि डिसेंबर २००३ मध्ये मरण पावला, हेही आपण लपवले नाहीत. मुलांसमोर गोष्ट पडद्यावर विली मुक्त होताना घेतो त्या उंच उडीपाशी संपवणे सोपे होते. आपण त्यांना सत्य पेलण्याइतके शहाणे मानलेत, याचे मोल मला फार वाटते.

आपल्याकडे असा बदनाम प्राणी कोणता, असे एका मुलाने विचारल्यावर आपण धामणीचे नाव घेतलेत. कृष्णाकाठी पूर ओसरताना साप घरात शिरतात, त्यामुळे दिसेल त्या सापावर काठी उगारली जाते. त्यात धामण बिनविषारी आहे, उसातले उंदीर खाऊन ती शेतकऱ्याचे भलेच करते आणि म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते ही निव्वळ समजूत आहे, हे मुलांना प्रथमच कळले. परवा बांधावर धामण निघाली, तेव्हा मुलीने आजोबांना काठी उचलू दिली नाही आणि धामण उसात दिसेनाशी होईपर्यंत ती त्यांचा हात धरून उभी राहिली.

आता तिला नाग, घोणस आणि मण्यार ओळखायला शिकायचे आहे. दिवाळीच्या सुटीत एखाद्या जाणकार सर्पमित्राला वाचनालयात बोलवावे, ही विनंती. त्याचा खर्च आम्ही पालक आनंदाने उचलू.

आपली कृतज्ञ,
एक पालक
तालुका पलूस, जिल्हा सांगली